बोरमाळ ओळखली म्हणून

आई परतूरला दादाच्या घरी वारली. शेवटची आंघोळ लेकीने घालायची, म्हणून मी घातली. तेव्हा तिच्या गळ्यातली सोन्याची बोरमाळ काढून मी देवघराखालच्या खणात ठेवली. दादाला सांगितलंही, पण त्या रडारडीत त्याच्या कानात काय शिरणार! सुतकात देवघराकडे कुणी फिरकलं नाही. तेराव्यानंतर खण उघडला तर माळ गायब. काढणारी मी, म्हणून चोरही मीच.

मी पोरांची शपथ घेतली. दादा म्हणाला, "शपथा काय, कुणीबी खातं." त्या भाऊबीजेला त्यानं मला बोलावलं नाही. माझं माहेर एका खणात संपलं.

मग त्यानेच शोध लावला. संभाजीनगरला कुठलंसं खासगी सेंटर होतं. तिथे म्हणे डोक्याला तारा लावतात आणि माणूस न बोलताच खरं-खोटं कळतं. "तू न्हाई घेतली ना? मंग चल की, डर कशाचा?" नवराही म्हणाला, "होऊन जाऊ दे. सगळ्यांची तोंडं बंद होतील." दादाचं दार पुन्हा उघडेल या आशेवर मी दोघांबरोबर गेले.

केसांत गार चिकट जेल चोपडून टोपी चढवली. सेंटरवाला म्हणाला, "मॅडम, बोलायचं काही नाही. फक्त चित्रं बघा." पडद्यावर ठुशी यायची, पाटल्या यायच्या, कुणाकुणाचे हार यायचे आणि मधूनच आईची बोरमाळ. दादानं दिलेल्या फोटोतून ती कापून घेतली होती. कडेला आईच्या पदराचा काठ राहून गेला होता. माळेआधी माझी नजर त्या काठावरच जायची.

निकाल काय, तर बाकीचे दागिने माझ्या मेंदूला परके आणि ही माळ ओळखीची.

दादा म्हणाला, "बघ, निघालं का न्हाई? मशीन बराबर सांगून राह्यली!"

"अरे, आईच्या गळ्यातली माळ मी ओळखणार नाही तर काय शेजारीण ओळखेल? तू बस त्या खुर्चीत, तुझ्याही डोक्यात तीच निघेल!"

"मी कशाला बसू? मी थोडीच घेतली?"

सेंटरवाला मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. त्याचे पैसे आधीच मिळाले होते.

परतीच्या बसमध्ये नवरा माझ्याकडे सरकला. मग हळूच म्हणाला, "आता मला तरी सांग, कुठं ठेवलीस? मी काही बोलणार न्हाई." आवाजात राग नव्हता, माया होती. दादाच्या बोलण्याने मी चिडले होते. या मायेने मात्र आतून मोडले. मी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि त्याने पुन्हा विचारलंही नाही. त्याचं उत्तर त्याला मिळालं होतं.

माळ अजून सापडलेली नाही. आता ती सापडूच नये असं मला वाटतं. सापडली तर हे दोघं माझी माफी मागतील, आणि चारचौघांत मला त्यांना माफ करावं लागेल.