तायडेंच्या कम्प्युटरमधला ट्रंपेट

मिलिंद तायडे गेल्याची बातमी मला अकोल्याच्या युसुफभाईंच्या फोनवरून कळली. त्यांनी ती दिली नाही, विचारली. "तायडेभाऊ गेले म्हनतात, खरं हाय का?" मी बडनेऱ्याला चौकशी करून त्यांना उलट फोन केला. खरं होतं. घरीच, हृदयविकाराने. ते ऐकून युसुफभाई म्हणाले, "अन् त्यायचा कम्प्युटर आता कोनापाशी हाय?"

युसुफभाई अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका बँडचे मालक आणि ट्रंपेट वाजवणारे. त्यांच्या ट्रंपेटचा आवाज त्या कम्प्युटरमध्ये साठवलेला होता. तायडेंनी तो एका डीजेवाल्याला विकला, असा त्यांचा वहीम होता, आणि त्या वहिमामुळे दोघांचं बोलणं बंद झालं होतं.

तायडे बडनेऱ्याला रेल्वेत तिकीट खिडकीवर कारकून होते. बातम्यांसाठी स्टेशनवर जाणं व्हायचं, त्यातून माझी त्यांची मैत्री झाली. संध्याकाळी घरी आले की कानांवर हेडफोन चढवून ते कम्प्युटरवर स्वतःच्या चाली बसवत. व्हायोलिन, बासरी, ढोलक हे सगळं त्यांना यंत्रातून पटेल असं मिळालं होतं. अडत होतं ते पितळी वाद्यांवर. मुंबईहून, नागपूरहून ते आवाजांच्या सीड्या मागवत, मला ऐकवत, आणि मी बरं म्हणायच्या आत स्वतःच नापास करत. एका सीडीतल्या ट्रंपेटबद्दल म्हणाले होते, "हा कधी वरातीत चालला नाही. याच्या तोंडाले कोरडच पडत नाही." दुसऱ्याबद्दल, "हा नोकरीवर असल्यावानी वाजवून राहिला." शेवटी त्यांनी ठरवलं की आवाज खऱ्या माणसाकडूनच घ्यायचा. अकोल्यात लहानपणापासून ज्यांना वरातीत ऐकलं होतं, त्या युसुफभाईंना त्यांनी बडनेऱ्याला बोलावलं.

ते दिवस बँडवाल्यांसाठी वाईट होते. कापूस पडत्या भावात जात होता आणि घरातलं लग्न आखडतं घ्यायची वेळ आली, की पहिली कात्री बँडला लागत होती. दर्यापूर, भातकुलीकडच्या वराती एका गाडीवरच्या डीजेवर निघू लागल्या होत्या. अशा वेळी कोणी कारकून कम्प्युटरसाठी आवाज मागतो, यात युसुफभाईंना काळंबेरं दिसलं नसतं तरच नवल. तरी ते आले. खिडक्यांना गाद्या लावून तायडेंनी खोली बंद केली आणि एकेक सूर सुटा मागितला. हळू, मग जोरात, मग लांबवून.

"सुटे सुटे काहून? गानं वाजवतो ना मी."

"गानं मी जोडीन, युसुफभाई."

"मंग माही काय गरज राह्यली?"

तायडे हसले. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. युसुफभाई हसले नाहीत.

त्यानंतरच्या लग्नसराईत अमरावतीच्या एका डीजेच्या गाडीवर हुबेहूब ट्रंपेट ऐकू येऊ लागला. बँडमधल्या पोरांनी युसुफभाईंचे कान भरले, की हा तुमचाच आवाज. मी तायडेंना सरळ विचारलं. ते म्हणाले, "माहा ट्रंपेट कोन घेईन?" आणि हेडफोन परत चढवला. याला उत्तर म्हणता येत नाही. पुढे त्यांनी मला नव्या चाली ऐकवणंही थांबवलं, आणि माझ्या मनातला संशय काही गेला नाही.

तायडेंचे दिवस झाल्यावर युसुफभाई बडनेऱ्याला आले. मी सोबत होतो. त्यांनी ट्रंपेट बरोबर आणला होता. कम्प्युटरमधल्या आवाजाशी ताडून पाहायला. तायडेंच्या पत्नी सुनंदावहिनींनी काही न विचारता कम्प्युटर सुरू केला आणि शेवटची चाल लावली. युसुफभाई ऐकत राहिले. चाल संपली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता.

"हे जुळलं कसं?" ते म्हणाले. "हे जुळाले नाही पायजे होतं."

मग त्यांनी सांगितलं. ट्रंपेटला एक सरकती नळी असते. ती बाहेर ओढली की सगळेच सूर थोडे उतरतात. आवाज घेतला त्या दिवशी त्यांनी ती मुद्दाम ओढून ठेवली होती. बँडमध्ये उतरलेला ट्रंपेट कोणाशीच जुळत नाही, त्याला घरी पाठवतात. कम्प्युटरमध्येही तो निकामी ठरेल, असा त्यांचा हिशेब होता.

"ते तं यायले तवाच समजलं होतं," वहिनी म्हणाल्या. "म्हने, एक आकडा बदलला का ट्रंपेट वर येते. मी म्हटलं, मंग बदला. तं नाही. बाकीची सारी वाद्यं खाली आनत बसले. अख्खा उन्हाळा गेला त्याच्यात."

"काहून पन?"

"आता कोनाले इचारू, भाऊ…"

युसुफभाईंनी ट्रंपेट काढला, नेहमीच्या सुरात लावला आणि तीच चाल पुन्हा लावायला सांगितली. दोन फुंकांत ते थांबले. कानाला टोचत होतं. त्यांनी नळी बाहेर ओढली, अदमासाने थोडी मागे घेतली, पुन्हा फुंक मारली. आता त्यांचा ट्रंपेट आणि यंत्रातला ट्रंपेट वेगळे काढता येत नव्हते.

"अजून वाटते का, यायनं विकला म्हनून?" वहिनींनी विचारलं.

"विकाचा असता तं पयले सुरात आनला असता, वहिनी."

डीजेच्या गाडीवरचा आवाज कुठून आला होता, हे मला कळलेलं नाही. मी तपास केला, डीजेवाल्याने सांगितलं नाही. वहिनींनी कम्प्युटर हलवलेला नाही, हेडफोनही तिथेच आहे. युसुफभाई त्यानंतर दोनदा बडनेऱ्याला येऊन गेले. वहिनी चाल लावतात, ते दारापाशी खुर्ची ओढून सोबत वाजवतात. ट्रंपेटची पेटी उघडतात तेव्हा नळी ओढलेलीच असते; ती ते अकोल्याहून निघतानाच ओढून ठेवतात.