आखाजीला विहिरीतली वाळू

बायको गेल्यापासून घर खायला उठतं. पण एका आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, आठवण आली की मला हसू येतं, ते लिहितो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. सुरतेत, गोडादऱ्यात राहायचो. बाकी खानदेशी लोक लूमवर, मी एका ठेकेदाराकडे, ओलपाडच्या बाजूला तेलाच्या विहिरींवर. ही विहीर म्हणजे जमिनीत खोल गेलेला लोखंडी पाइप, तळाशी पंप. तेलाबरोबर वाळू येते. ती पंपात शिरली की पंप आवळून बसतो, खाली जाईना न वर येईना. म्हणून नवा पंप सोडण्याआधी, तारदोराला लांब नळकांडं लावून तळातली वाळू उपसायची.

त्या दिवशी लग्नानंतरची लेकीची पहिली आखाजी. जावई आलेले. आमच्यात घरधन्यानं पितरांची आगारी टाकल्याशिवाय, म्हणजे विस्तवावर घास ठेवल्याशिवाय, कोणी जेवत नाही. दुपारी येतो सांगून निघालो होतो.

दुपारी नळकांडं रिकामं वर आलं. मी म्हटलं, "सोडा पंप."

आमचा मिस्त्री सुरती. म्हणाला, "ना काका. पहिलं चा पिऊ."

त्याची रीतच तशी. नळकांडं तळाला टेकलं की विहिरीच्या तोंडाशी दोराला चिंधी बांधायची, थांबायचं, परत टेकवायचं. चिंधी जागेवर आली तर पंप सोडायचा. वर राहिली तर वाळू परत भरली समजायचं.

"घरी जावई उपाशी बसलाय!" मी ओरडलो.

"पंप फसला तर त्यालाच बोलवू ओढायला," मिस्त्री म्हणाला. सगळे हसले. मी चहाला हात लावला नाही.

परत टेकवलं, तर चिंधी हातभर वर. वाळूला एक कचकचीत शिवी दिली अन् लागलो उपसायला. पुन्हा थांबलो, पुन्हा बघितलं. आता चिंधी बरोबर जागेवर. मग पंप असा सरसर गेला की बघत राहावं. वरचं यंत्र मान हलवायला लागलं, तेल आलं, तेव्हा सुटलो.

घरी पोचलो तर उन्हं उतरलेली. बायको दारातच उभी.

"आते उनात?" म्हणजे आत्ता येताय होय? "जवाई भुक्या बसेल शेतस!"

"वाळू होती गं."

"मंग काढी का सगळी? का आते ताटवरथीन उठाडी नेतीन तुमले?"

"नाही कोणी उठवत ताटावरून. पंप नाही अडकत, मी बघून आलोय."

तिनं रॉकेलचा बोळा हातावर ठेवला. "हात पुसा. पितर पळी जातीन या वासघाई."

आत लेक फिदीफिदी हसली. मी आगारी टाकली. जावई लाजत बसला अन् खापरावरचे मांडे मात्र न लाजता हाणले. बायको वाढत राहिली, तूप जास्तच ओतत राहिली. शेवटी आम्ही दोघं जेवायला बसलो. मी दोनदा दाराकडे बघितलं. ती म्हणाली, "खा ना आते." खाल्लं, पोटभर. विहिरीवरून कोणी बोलवायला आलं नाही.