आंबोलीची कॉफी, तारकर्लीला

आंबोलीच्या गुणाजीला जगाची काळजी लागली ती मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून. जग तापतंय, ब्राझीलचे मळे वाळतायत, उद्या कॉफी कुठून येणार, असं त्यात कोणीतरी गंभीर चेहऱ्यानं विचारलं होतं. गुणाजीला वाटलं, प्रश्न आपल्यालाच विचारलाय. त्यानं घरामागचा उतार साफ केला आणि चिकमगळूरहून रोपं आणून लावली.

झाडं वाढेपर्यंत त्यानं गावाला इतिहास पाजला. इथिओपियातल्या शेळ्या लाल फळं खाऊन नाचल्या, येमेनचे फकीर कॉफी पिऊन जागले, बाबा बुदाननं सात बिया लपवून कर्नाटकात आणल्या, मग गोऱ्यांनी गुलाम राबवून जगभर मळे उभे केले.

"आणि आता इलो गुणाजी," त्याची बायको प्रेमलता म्हणाली.

काही वर्षांनी फळं धरली. पावसानं निम्मी सडवली. उरलेली गुणाजीनं वाळवली, सोलली, भाजली आणि शेजारच्या हौसाबाईला पहिला कप दिला.

"कशी आसा?"

"बरी आसा. पण गो प्रेमलता, तुझो तवो करपलो काय?"

तारकर्लीत कॅफे चालवणाऱ्या सुशांतला मात्र ती चव फार आवडली. त्याला तिच्यात धूर, माती, जांभूळ असं बरंच काही लागलं. त्यानं सगळा माल नेला. गुणाजीचा हसरा फोटोही काढून नेला.

पुढच्या पावसात मुळंच कुजली. सगळा उतार काळा पडला. गुणाजी कितीतरी दिवस तिकडे फिरकला नाही. दिवाळीनंतर मन घट्ट करून तो तारकर्लीला गेला. कॅफे भरलेला होता. भिंतभर त्याचा फोटो, खाली अक्षरं: 'गुणाजींच्या मळ्यातून थेट तुमच्या कपात'.

"सुशांत, झाडां मेली रे," तो कुजबुजला.

"फोटो जितो आसा मां? माल कूर्गसून येता. बस, घोट घे."

गुणाजीनं घोट घेतला. कॉफी सुरेख होती. त्याची स्वतःची कधीच इतकी चांगली झाली नव्हती, हे त्याला घशातच कळलं. उठून सगळ्यांना खरं सांगावं असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात पुण्याची एक बाई धावत आली.

"काका, फोटोतले तुम्हीच ना?"

गुणाजी उठला. शर्ट नीट केला. "हो, मीच. त्याचं असं आहे ताई, आमच्या पावसाचा गुण कॉफीत उतरतो."

आता दर शनिवारी तो तिथं 'कॉफीचं भवितव्य' या विषयावर बोलतो. टाळ्या पडतात.

परवा काही पर्यटक मळा बघायला थेट आंबोलीला पोचले. प्रेमलतानं त्यांना उतारावर नेलं. मेलेल्या बुंध्यांवर तिनं वालीचे वेल चढवले होते.

"कॉफी कुसली," ती म्हणाली. "घोव तारकर्लीक आसा. भाकरी वाढू?"

ते पोटभर जेवले. मग वेलांमध्ये उभं राहून त्यांनी फोटो काढले आणि कॉफीच्या मळ्यातले म्हणून टाकले.