चौथीचं पाणी

बाबा गेले त्या दिवशी मी स्पर्धा परीक्षेसाठी भरती-ओहोटीचा धडा वाचत होते.

तिसऱ्या दिवशी आई आणि मी अस्थी घेऊन पेणजवळच्या खाडीवर गेलो. भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून बांधाला उघाडी आहे. तिची पाणी अडवायची-सोडायची दारं एक म्हातारा सांभाळतो. बोलताना तो माणसाकडे पाहत नाही, पाण्याकडे पाहतो. एरवी मी याच बांधावर बसून परीक्षेचं पाठांतर करायचे. दोन भरत्यांमधलं अंतर घोकताना ऐकून तो एकदा म्हणाला होता, “पुस्तकातल्या पान्याला घड्याल लावलंय वाटतं.”

त्या दुपारी कलशाचं फडकं मी सोडलं, तसा तो म्हणाला, “थांब गो पोरी. पानी चढतंय अजून. आता सोडलंस तर बापूस चिखलात परत येल.”

“भरतीच्या तक्त्यात तर ओहोटी लागलीय,” मी म्हणाले.

“तो बंदरावरचा. हितवर यायला पान्याला चालावं लागतं.”

त्यानं अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवला. “आज चौथ. चौथीची पाऊणपट तीन, म्हंजे तीनला बंदरावर भरती, वर खाडीची वाट. बसा.”

आम्ही बसलो. एक काटकी आत वाहत येत होती. ती मंदावली, थांबली.

“आता,” तो म्हणाला. त्यानंतर काटकी उलटी फिरली. पाणी याच्याच सांगण्यानं वळलं, असं मला वाटलं. आईनं नकळत हात जोडले. तो उघाडीकडे निघूनही गेला होता.

मी कलश पाण्यात रिता केला आणि अस्थी समुद्राकडे गेल्या. आता घरात आई आणि मी, दोघीच आहोत.