फॅमिली वॉर्डातली माझी खाट

मिरज स्टेशनवर मला पोचवायला आई आणि दादा आले होते. आबा आले नाहीत. मुलगी नर्स झाली हे त्यांनी कसंबसं गिळलं होतं, पण मुलगी फौजेत चालली हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. आईनं दशम्यांचा डबा खिडकीतून आत सरकवला आणि हळूच विचारलं, "कमल, दुखलंखुपलं तर सांगायला कुणी बाईमाणूस असेल ना गं तिथं?" मी हसले. "अगं, इस्पितळातच तर चाललेय!"

तुम्ही जे मिरजेत राहिलात आणि ज्या माझ्यासारख्या ट्रंक उचलून बाहेर पडलात, त्या सगळ्यांनी मला कधी ना कधी विचारलंय की दादा न्यायला आला त्या वर्षी मी परत का आले नाही. मी प्रत्येक वेळी विषय बदलला. आज बदलत नाही.

बंगळूरच्या लष्करी इस्पितळात मी रुजू झाले आणि त्या गावानं मला पटकन आपलंसं केलं. खांद्यावर लेफ्टनंटचे तारे होते; बुटके पुरुष असोत की सहा फुटी, समोरून जाताना सलाम ठोकत. रविवारी चिकपेटेत साडी बघायला गेले की दुकानदार "बन्नी अक्का", या ताई, म्हणत बसायला स्टूल देई. माझ्या मराठीत 'थोडं'ऐवजी 'स्वल्प' आणि 'बरं'ऐवजी 'सरी' कधी शिरले, मला कळलंही नाही. मिरजेत मी आबांची लेक होते, दादाची बहीण होते. इथं मी सिस्टर होते, तेवढं पुरत होतं.

सीमेवर लढाई झाली त्या हिवाळ्यात जखमी जवान आमच्याकडे येऊ लागले. त्याच सुमारास माझं अंगावरून जाणं वाढलं. आधी चार दिवसांचं, मग थांबेचना. पांढऱ्या युनिफॉर्मखाली मी काय काय बांधून उभी राहत असे ते तुमच्यापैकी बायकांनाच कळेल. एकदा ड्रेसिंग करताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ज्याच्या पायाला मी पट्टी बांधत होते, त्या जवानानंच मला सावरलं.

जवानांच्या बायकांना तपासायला बाहेरून एक डॉक्टरीणबाई येत. त्यांनी मला पडद्याआड तपासलं आणि म्हणाल्या, "गर्भाशयात गाठ आहे, मोठी आहे. ऑपरेशन करायला हवं. पण सिस्टर, तुम्हाला इथं दाखल करून घ्यायचा अधिकार मला नाही."

मी इस्पितळाचे प्रमुख असलेल्या कर्नलसाहेबांपुढे उभी राहिले. ते वाईट माणूस नव्हते, म्हणूनच मला जास्त राग आला.

"ऑफिसर्स वॉर्ड पुरुषांचा आहे," ते म्हणाले. "फॅमिली वॉर्ड फॅमिलींसाठी, जवानांच्या बायकामुलांसाठी. तुम्ही कुणाची फॅमिली?"

"कुणाचीच नाही, साहेब. मी नोकरीत आहे."

"मग घरी जा. अनफिट म्हणून नोकरीतून मोकळं करतो. तिकडं आईवडील आहेत, ते बघतील."

"परवा एका कॅप्टनचं अपेंडिक्स काढलं, त्यांना घरी नाही पाठवलं," मी म्हटलं. "त्यांच्या पोटातलं चालतं, माझ्या पोटातलं का चालत नाही?"

साहेबांचे कान लाल झाले. एका अविवाहित मुलीनं असं बोलावं! पण माझी लाज त्या हिवाळ्यात संपली होती.

"मी नोकरी सोडणार नाही," मी म्हटलं. "दाखल करणार नसाल तर तसं कारणासकट सांगा."

त्यांनी पुढची फाइल उघडली. तेव्हा मी सरळ फॅमिली वॉर्डात गेले आणि रिकाम्या खाटेवर युनिफॉर्मसकट आडवी झाले. या वॉर्डातली कितीतरी बाळं माझ्या हातांवर आली होती. आया धावत आली, माझा चेहरा पाहून म्हणाली, "स्वल्प मलगी अक्का," आणि थोडं पडा म्हणत तिनं माझे बूट काढले. शेजारच्या खाटेवर एका सुभेदाराची बायको होती, दिवस भरलेली. तिनं आपली उशी माझ्या डोक्याखाली सारली.

क्लार्क येऊन दाराशी घुटमळला. "नवऱ्याचं नाव? रँक?"

मी तोंड उघडणार एवढ्यात मागून आमच्या मेट्रन आल्या. कधी कुणाशी गोड न बोलणाऱ्या बाई. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. क्लार्कला म्हणाल्या, "नवऱ्याची जागा मोकळी सोड. रँक तिचाच लिही. लेफ्टनंट." मग त्या कर्नलसाहेबांकडे गेल्या. तिथं काय झालं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. पण माझं ऑपरेशन तिथंच झालं, आणि संमतीची सही मीच केली. आबांची मागवावी असं कुणीतरी सुचवलं होतं.

गाठ गेली. गर्भाशयही गेलं. शुद्धीवर आले तेव्हा रडले. नाही म्हणणार नाही. पण ते रडणं माझं होतं, त्यावर कुणी दया दाखवावी असं मला वाटलं नाही.

पुढं त्या वॉर्डाच्या टोकाला पडदा लावून दोन खाटा सिस्टरांसाठी ठेवू लागले. कागदावर त्या कधी आल्या नाहीत. आणि जिनं लग्न केलं तिला नोकरी सोडावीच लागे. माझ्या खोलीतली मैत्रीण अन्नम्मा तशीच नोकरी सोडून गेली. लोकांची बाळंतपणं करण्यात वर्षं घालवलेली बाई स्वतःच्या बाळंतपणाला मात्र परकी ठरली. हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. पुढच्या मुलींनी भांडावं. मी आहे त्यांच्या बाजूला.

ऑपरेशननंतरची विश्रांती संपून मी क्वार्टरमध्ये परतले, तशी बातमी ऐकून दादा मला न्यायला आला. खुर्चीच्या काठावर बसून म्हणाला, "आबा म्हणाले, झालं गेलं विसरून ये. आता लग्नाचं तर काही उरलं नाही. या परक्या गावात एकटीनं काय करणार? घरी चल."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मिरजेची माया अशीच आहे, तुमचा हात घट्ट धरते आणि सोडायचं विसरते. मी तिच्यावर कधी रागावले नाही. पण मी उठले, आरशासमोर उभी राहून डोक्यावरच्या पांढऱ्या रुमालाला पिना लावल्या.

"दादा, डब्यात चहा-साखर आहे, स्टोव्ह खिडकीपाशी आहे," मी म्हटलं. "शेजारच्या अक्कांना हाक मारलीस तर दूध देतील. माझी ड्यूटी आहे. संध्याकाळी घरी आले की जेवायला बसू."

तो घर म्हणजे कुठलं, असं विचारणार होता. मग त्यानं खोलीकडे पाहिलं आणि स्टोव्ह शोधायला उठला.