स्क्रीनवर ती, कागदावर दुसरीच

अगं, इकडे ये, बस जरा माझ्याजवळ. निदान हे पत्र वाचताना तरी बस. आठ महिने मावशीची आठवण नाही, आणि आली ती कशासाठी, तर 'कॉम्प्युटरवर फोटो छान दिसतो, छापून आणला की चेहरा काळपट येतो, असं का?' तब्येत कशी आहे, ते विचारायचं राहूनच गेलं वाटतं! असो. विचारलंयस तर सांगते, पण माझ्या पद्धतीने, लांबण लावून.

मला हे कुणी शिकवलं नाही. ऐंशीच्या दशकात मी डोंबिवलीला एका स्टुडिओत फोटोंना टचिंग करायचे. बारीक ब्रश, थोडा काळा रंग आणि खिडकीतला उजेड. डाग झाकायचा, तुटकी भुवई जोडायची. मला दिसायचं तेच गिऱ्हाईकाच्या हातात जायचं.

नव्वदचं दशक सरता सरता मी नौपाड्यातल्या स्टुडिओत लागले. तिथे कॉम्प्युटर आला. स्क्रीन नीट दिसावी म्हणून मालकांनी मला एका अंधाऱ्या खोलीत बसवलं. दिवसभर मी आणि अनोळखी माणसांचे चेहरे. ठाकुर्लीला घरी यावं तर आई गेल्यापासून तिथेही कुणी नाही. कितीतरी दिवस असे जायचे की रिक्षावाल्याला 'इथेच थांबवा' म्हटलं, तेवढंच काय ते माझं बोलणं.

अशात बाळकुमचे एक आजोबा आले. आयुष्य मिठागरात गेलेलं. महिन्यापूर्वी बायको गेली होती आणि तिचा एकच फोटो होता, पुतण्याच्या हळदीतला. घोळक्यात मागे उभी, चेहरा नखाएवढा. "मोठा कर बाय. पन तिच्यासारखी दिसली पायजे."

मी तिला घोळक्यातून वेगळी केली, चेहरा साफ केला आणि आजोबांना स्क्रीनपुढे बसवलं. ते स्क्रीनच्या अगदी जवळ वाकले. मग हळूच म्हणाले, "हीच."

प्रिंट काढली, तर गाल काळवंडलेले आणि कुंकू विटेच्या रंगाचं.

"बाय, ही कोन? माझी ती आत हाय."

मी उजळ करून पुन्हा काढली. पुन्हा तेच. दर दोन-तीन दिवसांनी आजोबा यायचे, माझ्या शेजारी स्टुलावर बसायचे, आणि स्क्रीनकडे बघत तिच्या गोष्टी सांगायचे. "माझ्यावर रागावली का कुत्र्याला शिव्या घालायची. कुत्रा बिचारा निजलेला!" मी हसायचे. बाहेरून मालक ओरडायचे, "ताई, फोटो करताय का लेणी कोरताय?"

तिसऱ्या प्रिंटला मला उमगलं. स्क्रीन स्वतःच पेटलेली असते, तिचा चेहरा आतून उजळतो. कागदाला स्वतःचा उजेड नाही, जो पडेल तोच तो परत देतो. त्यात मी अंधारात बसलेली आणि स्क्रीनचा उजेड शेवटपर्यंत चढवलेला. तिथे मला ठीक वाटेल ते बाहेर काळपटच येणार. शिवाय स्क्रीनवर रंग उजेडाचे, छापताना शाईचे. तो लालभडक उजेड शाईच्या डबीत असतो कुठे?

उमगलं, तरी मी लगेच दुरुस्त केलं नाही गं. आणखी दोन खेपा घालायला लावल्या त्यांना. बायकोसाठी तो म्हातारा माणूस उन्हातून येत होता, आणि मी त्याला माझ्या सोबतीसाठी फिरवत होते. आजवर कुणाला सांगितलं नाही हे.

पाचव्या खेपेला आजोबांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही. "बाय, आता डोले मिटले तरी तुझ्या फोटूतली ती कालीच दिसते. खरी कशी होती, ते इसराय लागलोय."

मी विचारलं, "आजोबा, लावणार कुठे फोटो?" तेव्हा म्हणाले, माजघरात. तिथे खिडकी नाही, एक पिवळा बल्ब. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

तीन प्रिंट काढल्या, एकीपेक्षा एक उजळ. दुपारी रिक्षा करून त्यांच्याबरोबर बाळकुमला गेले आणि एकेक प्रिंट त्या भिंतीला लावून धरली. तिसरी स्टुडिओत अगदी पांढरीफटक, उडालेली दिसली होती. कुंकू तर मी स्क्रीनवर चक्क शेंदरी केलं होतं. तीच तिथे जिवंत झाली. आजोबा खाली बसले आणि मोठ्याने म्हणाले, "अगो, आलीस का?" मी प्रिंट तशीच धरून उभी राहिले, हात भरून आले तरी.

निघताना म्हणाले, "आता तुझे दारी येनार नाय बाय, सुटलीस." आणि खरंच आले नाहीत. मालकांनी दुसऱ्याच दिवशी ते स्टूल काउंटरपाशी नेलं.

तेव्हा तूही तेच कर. स्क्रीनचा उजेड उतरव, उजेडाच्या खोलीत बस, तीन प्रिंट काढ आणि फोटो जिथे लागणार तिथे नेऊन बघ. नाहीतर असं कर, त्या प्रिंट घेऊन माझ्याकडेच ये, खिडकीशी बसून बघू. आणि फोटो जमला म्हणून येणं रद्द करू नकोस हं. जमला तर न घेता ये, पण लवकर ये.