पिंगळी स्टेशनचा खलाशी

दुसरे महायुद्ध चालू असताना, एका कार्तिकात, ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी, माझे जवळजवळ ठरलेले लग्न जहाजामुळे मोडले. ताडकळसहून समुद्र बैलगाडीने कित्येक दिवसांवर आहे. मी जहाज पाहिलेले नव्हते. (आजही पाहिलेले नाही. ही नोंद मुद्दाम करून ठेवतो.)

तेव्हा मी पिंगळी स्टेशनात पार्सलांवर चिठ्ठ्या चिकटवत असे. शाळा उर्दूत झाली, घरात मराठी. इंग्रजी मी शिकलो ती एका पुठ्ठा फाटलेल्या पुस्तकातून. कोणी उतारू ते बाकावर विसरून गेला होता. इंग्रजांचे रोजचे वाक्प्रचार त्यांच्या शिडाच्या जहाजांवरून कसे आले, एवढेच त्यात होते. त्यामुळे मला इंग्रजीत पाणी मागता येत नव्हते. डोलकाठीबद्दल मात्र तासभर बोलता येत होते.

मुलगी गोदावरीपलीकडची, नाव सरस्वती. तिला वडील नव्हते. मामा सोपानराव म्हणतील ते खरे. मी तिला एका पंगतीत पाहिली होती. माझ्या पानात चौथ्यांदा भात वाढताना ती म्हणाली होती, "पोट हाय का पोतं?" त्या दिवसापासून मला दुसरी कोणी नको होती.

तर सोपानमामा आमच्या ओसरीवर बसले, चहा आला आणि ते म्हणाले, "पाव्हणं, जरा विंग्रजी बोलून दाखवा की."

दोन वाक्ये बोलून गप्प बसलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. मी म्हणालो, "टेकन अबॅक!" आणि समजावले, की वारा एकाएकी समोरून आला की शीड उलटे डोलकाठीवर आपटते, जहाज जागीच अडते, म्हणून दचकलेल्या माणसाला इंग्रज तसे म्हणतो. मामांची बशी ओठाजवळच थांबली. मला वाटले, प्रभाव पडला! मग मी 'बिटर एंड' सांगितले : नांगराचा दोर जहाजावरच्या खुंटांना बांधतात, खुंटाकडचे टोक आले की दोर संपला. मग 'पाइप डाउन' : शिट्टी वाजली की खलाशांनी खाली जाऊन निजायचे.

"कवा वाजती शिट्टी?" मामांनी हळूच विचारले.

"रात्री आठला."

पुस्तकात वेळ दिलेली नव्हती. ती मी पदरची घातली.

मामांनी बशी खाली ठेवली. "आबासाहेब, पोरगं जहाजावर कितींदा गेलतं?"

"जहाज?" माझे वडील, आबा, म्हणाले. "ते तर परभणीच्या पलीकडं गेलं न्हाई!"

"मग शिट्टी याला कशी ऐकू आली? दर्यापार गेलेल्याला आमी पोरगी देत न्हाई. त्यात लढाई पेटलेली. उद्या हे पुन्ना बोटीवर गेलं, तर आमच्या पोरीनं कुणाच्या तोंडाकडं बघावं?"

मी धावत जाऊन पुस्तक आणले. मामांनी ते उलटे धरून चाळले, एका पानावरचे जहाजाचे चित्र पाहिले आणि माघारी दिले. "घ्या. सामान सांभाळून ठिवा आपलं."

पुरावा आरोपीच्याच विरुद्ध! दुपारपर्यंत बाजारात मी खलाशी होतो, दिवेलागणीला बसऱ्याहून परतलेला होतो. पुढच्या बाजारी मिरच्यावाल्या म्हातारीने आईला विचारले, "सून गोरी हाय म्हनं तिकडची?" आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मी ज्याला-त्याला थांबवून खुलासा करत होतो, आणि खुलाशात दोन नवे वाक्प्रचार सांगत होतो.

आबा म्हणाले, "दत्त्या, तू तोंड मिटलंस तर लगीन व्हईल."

शेवटी मामांचा निरोप आला : खरे-खोटे नदीवर करू.

गोदावरीला अजून पाणी होते. नाव नव्हती. गुऱ्हाळे सुरू व्हायची होती, म्हणून उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी काहील रिकामी होती. लोक तिच्यात बसत आणि दोन पोहणारे तिच्या कडीला दोर बांधून तिला ओढत-ढकलत पलीकडे नेत. मामा माझ्यासमोर काहिलीत बसले. पलीकडच्या काठावर अख्खे गाव उभे, त्यात घागर घेतलेली सरस्वती.

अजाण दिसण्यातच माझे भले होते. पण दोर चुकीच्या कडीला बांधलेला मला बघवेना. "अहो, असा बांधत नसतात!" मी ओरडलो.

"बघा!" मामा पोहणाऱ्यांना म्हणाले. "आलं का न्हाई भाईर?"

मग काहील फिरली. काहिलीला पुढचे-मागचे तोंड नसते, ती गरगर फिरते. (हे पुस्तकात नव्हते.) पहिल्या गिरकीला मी मामांचा हात धरला, दुसऱ्या गिरकीला धोतर. मध्यावर सकाळची भाकरी मामांच्या पटक्यात गेली. त्यानंतर मी डोळे मिटून, मोठ्याने, आईला हाक मारली. दोन्ही काठांवर ऐकू गेली.

पलीकडे मला दोघांनी उचलून वाळूवर ठेवले. सोपानमामा पटका धूत म्हणाले, "शक फिटला. हे जहाजावर काय, हौदावर बी गेलेलं न्हाई."

सरस्वती घागर खाली ठेवून पुढे आली. "मामा, दोराचं शेवटचं टोक इचारा की त्यास्नी. आता तेच धरून बसलेत."

पाहिले तर मामांच्या धोतराचा सोगा अजून माझ्या मुठीत होता.

लग्न मार्गशीर्षात मुलीच्या गावी झाले. वऱ्हाड काहिलीतून तीन खेपांत पार गेले. नवरदेव बैलगाडीतून, वरच्या अंगाला उतार होता तिथून, वळसा घालून आला. मुहूर्त सकाळचा होता. अक्षता दिवस मावळताना पडल्या.